सातबारा मिळाला, पुढे काय?

ऑक्टोबर महिन्यात वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना सोयाबीनची सोंगणी चालू दिसते. वाकलेल्या पाठी कोणाच्या असतात, हे या सदराच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पेरणी, निंदण, फवारणी, सोंगणी, मळणी ही सर्व कामे ज्या हातांना येतात, त्याच हातांच्या नावावर जमीन नसते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील अनुसूचित जातींच्या १०० कामकऱ्यांमागे सुमारे ४६ शेतमजूर होते आणि स्वतः शेती कसणारे जेमतेम १५. वाशीम जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के आहे. म्हणजे इथे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाचव्या माणसाचा आहे.

परंतु आज आम्हाला भूमिहीनांविषयी नव्हे, तर त्यांच्यातून पुढे आलेल्या एका नव्या माणसाविषयी लिहायचे आहे. कुणाला सरकारी योजनेतून जमीन मिळाली, कुणी गायरान कसून हक्क मिळवला, कुणी मुंबई-पुण्यातल्या मजुरीतून दोन एकर घेतले, तर कुणी दुसऱ्याचे शेत मक्त्याने किंवा बटईने करतो. हा आपल्या घराण्यातील पहिला शेतकरी आहे. त्याच्या आज्याने शेतात राबण्याचे कौशल्य दिले. जमीन, बैलजोडी, बँकेतील पत आणि आडत्याकडील ओळख दिली नाही. या नव्या शेतकऱ्याचे पुढे काय होते, याचा पाठपुरावा शासन करत नाही. आणि स्पष्टच बोलायचे, तर चळवळही करत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्या काळचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते, शेतजमिनीचे तुकडे जोडा, धारण मोठी करा, म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी हा युक्तिवाद उलटा केला. धारण परवडणारी आहे की नाही हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि जनावरे किती आहेत, यावर ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. साधने नसतील तर लहान धारणसुद्धा त्या शेतकऱ्याला मोठीच ठरते, इतक्या टोकापर्यंत त्यांनी तो मुद्दा नेला. पुढे १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, ती सामुदायिक पद्धतीने कसली जावी आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बियाणे यांचा पुरवठा राज्याने करावा, अशी मांडणी केली. जमीन आणि भांडवल त्यांनी कधीच वेगळे केले नाही. आम्ही मात्र केले.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना घ्या. १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांचे नेतृत्व करणाऱ्या दादासाहेबांच्या नावाने ही योजना २००४ साली आली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन, असे तिचे स्वरूप. आरंभी निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते. २०१८ मध्ये ती १०० टक्के अनुदानाची झाली आणि जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला एकरी ८ लाख अशी खरेदीची कमाल मर्यादा ठरली. या दरात चांगली, रस्त्यालगतची, पाण्याची जमीन विकायला कोण पुढे येणार? येते ती बहुतेक वेळा माळाची आणि बरड. आणि ती ताब्यात आल्यावर पहिल्या पेरणीचे बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे कोठून आणायचे, यावर योजना बोलत नाही. चार एकर देऊन माणसाला सावकाराच्या दारात उभे करणे, याला सबळीकरण म्हणायचे काय?

विहिरीसाठी दुसरी योजना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२४ मध्ये नव्या विहिरीचे अनुदान अडीच लाखांवरून चार लाखांवर गेले. चांगलीच गोष्ट आहे. पण जमिनीची योजना समाजकल्याणकडे, विहिरीची कृषी विभागाकडे, कर्ज बँकेकडे आणि प्रशिक्षण आणखी कोणाकडे. चार कार्यालयांच्या चार खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीला वेगळे कागद. त्यातच २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवण्यात आले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. बहिणीला पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. तिच्याच घराच्या जमिनीचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता पतपुरवठ्याकडे वळू. या देशात शेतकरी म्हणजे वारसाने शेतकरी, हे गृहीत सरकारी नियमांत किती खोल मुरले आहे, याचा एक नमुना पाहा. पीएम-किसान योजना आली तेव्हा जमीनधारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ ठरवण्यात आली. त्यानंतर वारसाहक्काखेरीज अन्य मार्गाने जमीन मिळालेल्यांना पुढील पाच वर्षे योजनेचे दार बंद करण्यात आले. ज्याच्या बापाकडे जमीन होती तो आत आणि ज्याने आयुष्यात पहिल्यांदा जमीन मिळवली तो बाहेर! नियमात जातीचा उल्लेख कोठेही नाही. पण वारसा कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे या देशात जातीनेच ठरवलेले आहे.

कर्जमाफीचेही तेच. २००८, २०१७ आणि २०१९ अशा तीन मोठ्या कर्जमाफ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी पाहिल्या. कर्जमाफी त्याला मिळते ज्याला आधी बँकेने कर्ज दिलेले असते. ज्याने खासगी सावकाराकडून, कृषी केंद्राच्या उधारीतून शेती केली, त्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही. बटईदाराची स्थिती याहून वाईट आहे. विदर्भातील कुळकायद्यामुळे मालक लेखी करार करायला धजत नाही. व्यवहार तोंडी होतो. मग पीक बुडाले तर नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात आणि कर्ज बटईदाराच्या डोक्यावर. हमीभावाने विकायचे तर नोंदणीला पुन्हा सातबारा आणि पीकपेरा हवाच.

मार्ग नाहीत असे नाही. किसान क्रेडिट कार्डावर २ लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून दिलेली आहे. भूमिहीन, बटईदार अशा ४ ते १० जणांनी एकत्र येऊन परस्परांच्या जबाबदारीवर कर्ज घ्यावे, ही नाबार्डची संयुक्त देयता गटाची पद्धत जुनीच आहे. या गोष्टी आमच्या वस्तीत किती जणांना ठाऊक आहेत? आणि ठाऊक असून बँकेत गेलेल्या किती जणांना साहेबाने बसायला खुर्ची दिली?

बाजाराचा हिशेब तर मांडूनच पाहू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. ऑक्टोबरमध्ये माल खळ्यावर आला, दिवाळी तोंडावर, आणि सरकारी खरेदीला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. चार एकरांत एकरी ५ क्विंटल पीक आले आणि माल बाजारात ४,३०० ने विकला असे धरले, तर २० क्विंटलवर हमीभावाच्या तुलनेत २०,५६० रुपये गेले. पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताचे पैसे इथेच संपले. हाच माल त्याने बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतमाल तारण योजनेत कर्ज घेतले असते, तर ८६,००० च्या मालावर ७५ टक्के म्हणजे ६४,५०० रुपये हाती आले असते आणि ६ टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज १,९३५ रुपये झाले असते. भाव वाढेलच असे नाही, हे आम्हीही जाणतो. पण २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या पुढे गेले, तेव्हा माल कोणाच्या गोदामात होता? निदान आमच्या घरात नव्हता. थांबण्याची ताकद ही सुद्धा मालमत्ताच आहे आणि ती आजवर वरच्यांनाच वारशाने मिळत आली.

एकट्या माणसाला ही ताकद येत नाही. म्हणून शेतकरी उत्पादक कंपनीचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात. किमान पाच संचालक लागतात. दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्या. कायद्यातील ‘उत्पादक’ हा जमीनमालकच असावा असे म्हटलेले नाही. शेतीमालाच्या उत्पादनाशी संबंधित काम करणारा तो उत्पादक. आणि व्यक्तिगत सभासदांच्या कंपनीत समभाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. आर्थिक संस्थेत एक माणूस एक मत आणणारी ही तरतूद त्या विसंगतीवरचा उपाय नव्हे, पण तिला पडलेली एक फट नक्कीच आहे.

केंद्राने २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संस्थांची योजना आणली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारांचा आकडा पूर्ण झाल्याचे जाहीर केले. संस्थेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत साहाय्य, सभासदाच्या भागभांडवलाला २,००० रुपयांपर्यंत जोड. वाशीम तर २०१८ पासून आकांक्षित जिल्हा आहे. शेती आणि वित्तीय समावेशन या दोन्हींची मोजणी तिथे होते. जागतिक बँकेच्या साहाय्याच्या पोकरा प्रकल्पातही हा जिल्हा होता. आम्हाला एवढेच विचारायचे आहे, की या जिल्ह्यातील उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळांवर अनुसूचित जातींचे, भटक्या-विमुक्तांचे, आदिवासींचे किती लोक आहेत? की सभासद यादीत आमची नावे संख्या भरण्यापुरती आणि चाळणी यंत्र, गोदाम, ट्रॅक्टर एकाच वाड्यात? ही आकडेवारी जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावी.

प्रशिक्षणाविषयीही गैरसमज आहे. आमच्या माणसाला शेती शिकवण्याची गरज नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या ती करत आला आहे. त्याच्या हाती नव्हते ते निर्णय आणि हिशेब. घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासायची, हे माहीत असते तर २०२० च्या खरिपात बियाणे न उगवल्याने झालेल्या दुबार पेरणीतून अनेकजण वाचले असते. मालाचा ओलावा १२ टक्क्यांवर असेल तर खरेदी केंद्रावरून परत यावे लागते, म्हणून ओलावा मोजायला शिकले पाहिजे. काट्यावरची पट्टी वाचता आली पाहिजे, ताळेबंद समजला पाहिजे. रिसोड तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आणि महाबीजचे मुख्यालय आहे. महाबीजचा बीजोत्पादन कार्यक्रम आमच्या गटांनी का मागू नये? आणि प्रशिक्षण दुपारी बाराला शहरातल्या सभागृहात नको. मजुरी बुडवून कोणी येत नाही. ते वस्तीत, संध्याकाळी, आणि आधी स्त्रियांसाठी हवे, कारण शेतात जास्त वेळ त्याच असतात.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे १९१३ च्या कायद्याने काळ्या बहुसंख्याकांना अवघी सुमारे ७ टक्के जमीन ठेवली होती; १९३६ नंतर ती सुमारे १३ टक्क्यांपर्यंत नेली गेली. १९९४ ला सत्ता बदलली, जमिनी वाटल्या गेल्या. पण भांडवल आणि पाठबळ सोबत न गेल्याने त्यातील अनेक शेते पडीक पडली आणि गोऱ्यांनी म्हणायला सुरुवात केली, की यांना शेती जमत नाही. उद्या सबळीकरणाच्या जमिनी पडीक दिसल्या तर आपल्या गावातही हेच वाक्य ऐकू येईल. ते ऐकण्याआधी जागे झालेले बरे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. जमिनीचा ताबा देतानाच किसान क्रेडिट कार्ड, पहिल्या हंगामाचे बियाणे-खत आणि विहिरीची मंजुरी एकत्र द्या. खरेदीची मर्यादा बाजारभावाप्रमाणे वाढवा. बटईदाराची नोंद घ्या. तारण कर्जाचे गोदाम गावाजवळ आणा.

आणि आपल्या नोकरदार बांधवांसाठी एक विनंती. आपल्यातले बँकेतून, कृषी खात्यातून, लेखा विभागातून निवृत्त झालेले लोक आज गावोगाव आहेत. जयंतीच्या वर्गणीत ते मागे नसतात. त्यांनी महिन्यातील दोन रविवार एका गटाची वही तपासायला, एका संचालकाला ताळेबंद समजवायला, एका बहिणीबरोबर बँकेच्या साहेबासमोर बसायला द्यावेत. दादासाहेबांच्या सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात गेली ती कागदावरच्या चार एकरांसाठी नव्हे. त्या चार एकरांतून निघालेला माल आपल्या ठरवलेल्या दिवशी, आपल्या ठरवलेल्या भावाने विकता येईल, तेव्हाच तो सातबारा खऱ्या अर्थाने आपल्या नावावर झाला असे म्हणता येईल.