दुबई तीन तासांवर, मग हेदवी किती?

आमच्या हेदवीत आणि आसपासच्या मोहल्ल्यांत दुबईचं अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. "तीन तास," म्हणतात. आकडा खोटा नाही. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. जाताना तीन तासांहून थोडं जास्त लागतं, येताना पश्चिमेचा वारा पाठीशी असला की थोडं कमी. शिवाय तिथलं घड्याळ दीड तास मागे, म्हणून पहाटे चारला मुंबईहून उडालेला माणूस तिथल्या पावणेसहाला उतरलेला असतो.

या तीन तासांनी आमचा एक घोळ करून ठेवलाय.

गेल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी शेजारचे चाचा फजरच्या सुमारास गेले. मुलगा दुबईला. फोनवर म्हणाला, "सर, दुपारचं तिकीट मिळालं, तीन तासांत पोहोचतो, अब्बांना थांबवा." दफन जोहरनंतर ठरलं होतं, ते इशापर्यंत पुढे ढकललं. विमान अगदी वेळेवर, साडेचारला मुंबईत उतरलं. इमिग्रेशन, सामान, गाडी यात सहा वाजले. पुढे पेण, माणगाव. चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, त्यांनाही घर गाठायचंच होतं. चिपळूणपर्यंत रेल्वेने यावं तर त्या दिवसांत वेटिंगवालेही दारात लटकलेले. इशानंतर जमातीत कुजबुज सुरू झाली. आता थांबू नये, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. मय्यतीला ताटकळत ठेवू नये हे मला आजही पटतं. आम्ही मिट्टी दिली. मुलगा पहाटे चारला पोहोचला. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

हिशेब करून पाहा. हेदवी ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही नाही, रस्त्याने तीनशेच्या आसपास. त्याला दहा तास लागले, म्हणजे ताशी तीस किलोमीटर. समुद्रावरून तो ताशी सहाशेने आला होता.

मुंबईहून आखातात जाणारी 'द्वारका' बोट १९८२ साली बंद झाली. बोटीच्या काळात मुलगा मय्यतीला येईल अशी आशाच नव्हती, त्यामुळे कुणी थांबत नसे आणि कुणाला दोषही देत नसे. आता आशा आहे, पण ती फक्त सांताक्रूझपर्यंतची.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. त्या साली पहिलीत बसलेलं पोर आज कॉलेजात आहे. कशेडीच्या बोगद्याने घाटाची वळणं वाचली, हे मान्य करायलाच हवं. पण रत्नागिरीच्या विमानतळावर टाळ्या वाजवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हेदवीहून तिकडे जाताना मध्ये शास्त्री नदीची खाडी आहे, तवसाळ-जयगड फेरीबोट आहे. आम्हाला आधी हा महामार्ग पुरा हवा, आणि चिपळूण स्टेशनवरून रात्री-अपरात्री गावाकडे येणारी एस.टी. हवी. विमान आमच्याकडे पुष्कळ आहे.

परवा वर्गात वेळ-वेगाचं गणित घातलं: मुंबईहून दुबई १,९३० किलोमीटर, विमान ताशी ६०० किलोमीटर, तर किती वेळ? पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिचे वडील शारजाला असतात.

"सर, घरापर्यंतचा सांगू की विमानाचा?"