दुर्बीण वस्तीत कधी येणार?

"दे दान, सुटे गिराण!" ग्रहण लागले की ही आरोळी देत आपल्या मागच्या पिढ्या गावभर फिरल्या. लोकसमजुतीत राहू-केतू हे महारामांगांचे भाऊबंद. त्यांनी सूर्य धरला की गावाने आपल्या पदरात पसाभर धान्य आणि जुनेर टाकायचे, म्हणजे ते सूर्याला सोडणार! चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, इतकी साधी गोष्ट. तीतूनही जातिव्यवस्थेने भीक मागण्याचा 'हक्क' शोधून काढला. बाबासाहेबांच्या चळवळीने मागून खाणे सोडायला लावले आणि आरोळी थांबली. पण ग्रहण म्हणजे काय, हे दुर्बीण घेऊन किती वस्त्यांत कोणी दाखवले? अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे काम केले, त्यांचे ऋण मान्यच आहे. पण ते मूठभर, आणि वस्त्या हजारो.

2009 साली संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष जाहीर केले होते. गॅलिलिओने आकाशाकडे दुर्बीण रोखली त्याला चारशे वर्षे झाली म्हणून. भारतातही व्याख्याने झाली, प्रदर्शने झाली. 22 जुलैचे खग्रास सूर्यग्रहण पाहायला बिहारातल्या तारेगणाला हजारो लोक जमले आणि ढगांनी सगळ्यांना हुलकावणी दिली. तसे देशभराचे खगोलवर्ष पुन्हा घ्यावे असे विज्ञानप्रेमी मित्र अधूनमधून म्हणतात. माझे म्हणणे, जरूर घ्या. 2027 मध्येच घ्या. फक्त ते तारांगणाच्या वातानुकूलित सभागृहात आणि नामांकित शाळांच्या गच्चीवर उरकू नका.

2027 च का? 2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधल्या लक्सरला ते सहा मिनिटांहून अधिक खग्रास दिसेल, मुंबईतून दुपारनंतर खंडग्रास. पण ऑगस्ट म्हणजे आपला पावसाळा. तारेगणाचा धडा घेतला तर सगळे वर्ष त्या एका दुपारीवर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. म्हणून मी कॅलेंडर घेऊन बसलो आणि दोन तारखा पाहून चकितच झालो.

14 एप्रिल 2027. त्या संध्याकाळी चंद्र जवळजवळ बरोबर अर्धा असेल. दुर्बिणीतून चंद्र पाहायला पौर्णिमा कामाची नसते. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, खड्डा खड्ड्यासारखा दिसतो. गुरू ग्रहही तेव्हा संध्याकाळीच आकाशात असेल. ज्या गुरूच्या 'बळा'साठी आपल्याही घरांत अजून लग्ने अडतात (होय, आपल्याही घरांत, उगाच माना डोलावू नका), त्याचे चार चंद्र पोरांना डोळ्यांनी दिसतील.

दुसरी तारीख 6 डिसेंबर 2027. त्या दिवशीही चंद्र अर्धाच. चैत्यभूमीवर येणारा माणूस उपाशी राहील, पण पुस्तक घेतल्याशिवाय परतत नाही. शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी वीस दुर्बिणी उभ्या करा. अभिवादनाच्या शांततेला त्याने बाधा येणार नाही. रांगेत उभे राहणे या लोकांना कोणी शिकवायला नको.

दुर्बिणीला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. सरकारकडे मागू, मागायलाच हवा. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम 51 क मध्ये नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. पण 2001 मध्ये यूजीसीने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले आणि 2021 मध्ये इग्नूने ज्योतिषात एम.ए. सुरू केले. अशा सरकारी यंत्रणेच्या भरवशावर बसू नये. जयंती मंडळांनो, एका रात्रीच्या डीजेच्या पैशात चांगली दुर्बीण येते. डीजे सकाळी निघून जातो, दुर्बीण राहते.

आता खरा मुद्दा. नियोजन समितीत कोण बसणार? अशा समित्या त्याच त्या संस्थांमधून, त्याच त्या आडनावांतून तयार होतात आणि मग वस्तीतला पोरगा 'लाभार्थी' होतो. मेघनाद साहा आठवा. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान वाचण्याचे समीकरण त्यांनी 1920 मध्ये दिले. त्याच साहांना विद्यार्थिदशेत कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे वेगळे जेवावे लागले होते. पुढे पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष तेच झाले आणि देशाचे राष्ट्रीय कॅलेंडर त्या समितीच्या शिफारशीतून आले. पंचांगाची सत्ता कुणाच्या हातात असावी, याचे उत्तर त्या एका नेमणुकीत आहे. आणि कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या रोहित वेमुलाचे काय झाले, तेही आठवा.

म्हणून आश्रमशाळेचे शिक्षक, समाजकल्याण वसतिगृहातले विद्यार्थी, आशाताई समितीत हव्यात. पाहुणे म्हणून नव्हे, निर्णय घेणारे म्हणून. आशाताई का? ग्रहणात गरोदर बाईला अंधाऱ्या खोलीत कोंडले जाते, ते दार त्याच ठोठावू शकतात.

एक काम तर आजच करता येईल. 2 ऑगस्ट 2027 ला सोमवार आहे, शाळेचा दिवस. त्या दुपारी मुलांना वर्गात कोंडू नका, लवकर घरी सोडू नका. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा जमिनीवर कशी पाडायची ते आधीच्या आठवड्यात शिकवा, असे परिपत्रक शिक्षण विभागाने काढावे. अर्ज आपापल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.