फोटोत हात आहे, नाव नाही

फॅशन फोटोशूट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे केस, चकचकीत दिवे आणि "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत गुडघ्यावर बसलेला फोटोग्राफर. निदान माझ्या तरी हेच येत होतं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका साडीच्या दुकानाच्या कॅटलॉगसाठी मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. "ताई, शूटला या, म्हणजे कल्पना येईल," असं मालक म्हणाले म्हणून पुण्यातल्या एका स्टुडिओत सकाळी साडेसातला हजर झाले. आणि पहिला शोध लागला तो हा, की या कामातला निम्मा वेळ इस्त्री करण्यात जातो!

खरंच सांगते. साडीवर घडीची एक रेघ राहिली तरी कॅमेरा ती बरोबर पकडतो. त्यामुळे इस्त्रीवाला दादा दिवसभर उभाच. साडी नेसवणाऱ्या काकू निऱ्या एकसारख्या करून देत होत्या. ब्लाउज सैल होता तर पाठीमागून चार चिमटे लावले. समोरून एकदम फिटिंग, पाठीमागून कपडे वाळत घालायची दोरी! फोटोग्राफर, त्याचे दोन सहायक, स्टायलिस्ट, मेकअपवाली, मॉडेल, काकू, दादा, मालक, मी, आणि येवल्याहून आलेले विणकर काका. एका फोटोसाठी अकरा माणसं.

काका आले होते ते खरं तर काळजीपोटी. मालकांनी त्यांच्याकडून दोन भारी पैठण्या मागवल्या होत्या. त्या कुरियरने पाठवायला काका तयार नव्हते. पिशवी मांडीवर घेऊन एसटीने आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिले.

पहिले फोटो आले ते सगळ्यांनी लॅपटॉपवर पाहिले. समोरून पडलेल्या प्रकाशात जर सोनेरी न दिसता पांढरीफटक दिसत होती. फोटोग्राफर वैतागला. मग काका हळूच म्हणाले, "दारातून ऊन येतं ना, तसं बाजूनं आणा." त्यांच्या साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. प्रकाश बाजूने आला तरच ती धूपछाँव दिसते, साडी हलली की रंग फिरतो. एका सहायकाने मोठा सॉफ्टबॉक्स डावीकडे ओढला, दुसऱ्याने उजवीकडे थर्मोकोलचा तक्ता धरला, आणि जर खरोखर जर दिसायला लागली. फोटोग्राफरचं कौतुक असं, की त्याने ऐकलं. "अजून सांगा काका," म्हणाला.

काकांनी अजून सांगितलं. "पदराची उलटी बाजू दाखवा." आम्ही सगळे बघत राहिलो. उलटी बाजू कोण दाखवतं? पण हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर रंगारंगाच्या वेगळ्या कांड्यांनी, धाग्यात धागा गुंतवून विणलेला असतो. म्हणून तो दोन्हीकडून सारखाच दिसतो. यंत्रावरची साडी उलटली की मागे सुटे धागे दिसतात. गिऱ्हाइकाने अस्सल साडी ओळखायची खूण हीच. काकांनी स्वतः पुढे होऊन पदराचं टोक उलटून धरलं आणि स्टायलिस्ट ओरडली, "हात तसाच ठेवा!" मॉडेल पाठमोरी, उलटलेला पदर, आणि कडेने आत आलेला काकांचा हात. तोच फोटो कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर गेला.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता माझी चूक.

शेवटच्या पानावरची नावांची यादी मीच टाइप केली. छायाचित्रं, स्टायलिंग, मेकअप, मॉडेल, आणि हो, "शब्द" असं लिहून माझं नाव. मी एकूण वीस-बावीस ओळी लिहिल्या होत्या. काकांचं नाव नाही, काकूंचं नाही, दादाचं नाही, सहायकांचं नाही. कुणी गाळायला सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नाही.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. तक्रार करायला नाही, कॅटलॉग मिळाला हे सांगायला. "हात माझा आहे हे घरच्यांना सांगितलं. नाव असतं तर बरं झालं असतं ताई, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता आलं असतं." बस, एवढंच. मला मात्र दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

कारण नाव म्हणजे काही नुसती हौस नाही. फोटोग्राफरला पुढचं काम मिळतं ते आधीच्या कामावर असलेल्या नावामुळे. सहायकाला, नेसवणाऱ्या काकूंना, विणकराला तसंच मिळायला हवं की नको?

मालकांशी बोलले तेव्हा ते आधी म्हणाले, जागा नसते. मग म्हणाले, वाचतं कोण? शेवटी खरं कारण निघालं: नाव छापलं तर गिऱ्हाईक थेट विणकराकडे जाईल. त्यांचंही अगदी चूक नाही. रेशमाला आगाऊ पैसे तेच देतात, न खपलेला मालही तेच सांभाळतात. पण मग फोन नंबर छापू नका, नाव तर छापा. आणि नाव छापल्याने कारागीर हातचा जाईल अशी भीती वाटत असेल, तर आपण त्याला काय दर देतो याचाही जरा विचार करावा.

कायद्याचा इथे फार उपयोग नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो टिपणारी व्यक्ती. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाते. पण कर्ता म्हणवून घ्यायचा हक्क फोटोग्राफरकडेच राहतो. बाकी दहा जण यात कुठेच नाहीत. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण त्याने साडीचं नाव जपलं जातं, विणणाऱ्याचं नाही.

आणि आपल्याकडे हे जमत नाही असं थोडंच आहे? मराठी नाटकाची जाहिरात काढून बघा. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, सगळ्यांची नावं. सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव वर सरकत जातं. थिएटर रिकामं झालेलं असतं हे खरं, पण नाव असतं.

माझं म्हणणं साधं आहे. शूटच्या आदल्या दिवशी कोण किती वाजता येणार याची यादी सगळ्यांना पाठवतातच. तीच यादी, कामासकट, शेवटच्या पानावर छापा. विणकराचं नाव मात्र त्याच्या साडीच्या फोटोखाली. खर्च शून्य.

मी आता मजकुराचं काम घेताना ही अट आधीच घालते. एक काम त्यामुळे गेलं, दोन ठिकाणी मान्य झालं. आमचे साडीवाले मालक "पुढच्या कॅटलॉगला बघू" म्हणाले आहेत. अजून बघताहेत.

असो. मुखपृष्ठाचा तो फोटो मी टेबलासमोर लावून ठेवलाय. खाली पेनाने काकांचं नाव लिहिलंय. छापलेलं नाही, पण निदान मला तरी विसरता येणार नाही.