शाळेत समुपदेशक आहे का हो?

दहावीचा निकाल लागला की टक्केवारीच्या बातम्यांशेजारी एखादी चौकट हमखास असते. 'काय बाई हल्लीची मुलं!' म्हणत आपण पान उलटतो. २०१० च्या जानेवारीत मात्र मुंबईत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या आणि घराघरांत धसका बसला. चर्चा झाली, मग विसरलो. शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवाच. शिवाय सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. मार्कांवरून तुकड्या पाडणं, चारचौघांत पाणउतारा करणं शक्यतो टाळायचं.

आता आपली दिंडोशी घ्या. कुरार, संतोषनगर, नागरी निवारा... शंभर मुलं नसलेली शाळा इथे शोधावीच लागेल. म्हणजे आदेश आपल्या दारापर्यंत आलाय. मला धास्ती वेगळीच आहे. चित्रकलेच्या बाईंच्याच टेबलावर 'समुपदेशक' अशी पाटी ठेवली, की कागद पूर्ण!

समुपदेशक शाळेतच का हवा? आमच्या महिला मंडळात येणारी एक आई चार घरची धुणीभांडी करते. तिची नववीतली मुलगी सहा महिने पोट दुखतं म्हणायची, शाळेच्या वेळेला हटकून. सोनोग्राफी झाली, दृष्ट काढून झाली, 'नाटकं करते' म्हणून मारही खाल्ला. किशोरवयातलं नैराश्य रडूनच दिसतं असं नाही. ते चिडचिडीतून, पोटदुखीतून, उडालेल्या झोपेतूनही बोलतं. शेवटी मायलेकी सरकारी रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. केसपेपर स्वस्त, पण दर खेपेला चारही घरी खाडा. तिसऱ्या खेपेनंतर उपचार थांबले. यात त्या माउलीला काय बोल लावायचा? हेच बोलणं शाळेच्या वेळेत, शाळेतच झालं असतं तर तिचा एकही दिवस बुडाला नसता. आणि डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही, हेही लवकर कळलं असतं.

दुसरी भीती गोळ्यांची. 'सवय लागेल, मुलीचं लग्न कसं जमणार?' नैराश्यावरच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या चटक लावत नाहीत. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात, आणि आपण दहाव्या दिवशीच 'फरक नाही' म्हणून बंद करतो. सुरुवातीच्या दिवसांत मुलाकडे जास्त लक्ष हवं, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू. प्रत्येकाला गोळी लागतेच असंही नाही. पुष्कळांचं नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी भागतं. 'जीव नकोसा वाटतो का गं?' असं विचारल्याने मुलीच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असलाच, तर बाहेर यायला वाट मिळते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या शंभरातल्या साधारण सात मुलांना असा काही ना काही त्रास आढळला. साठ मुलांचा वर्ग धरा. चौघं तरी निघतील.

रात्री-अपरात्री गरज पडली तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. न्यायालयाने हेल्पलाइनचे क्रमांक वर्गांत मोठ्या अक्षरांत लावायला सांगितलंय. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या पालकसभेत सहलीच्या पैशांचा विषय संपला की हात वर करा. समुपदेशक कोण, शिक्षण काय, आठवड्यातून किती दिवस येतात? आणि त्यांच्या खोलीचं दार लावता येतं ना, की मूल स्टाफरूमच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत बोलायचं?