कुरुंदकरांना उत्तर द्यायचे राहून गेले

आमच्या चकलांब्यात 17 सप्टेंबरचा झेंडा झाला, की कुणीतरी वक्ता नरहर कुरुंदकरांचा उतारा काढतो आणि नेमका आमच्याकडे बघून वाचतो. आम्ही मान खाली घालतो, चहा पितो, घरी येतो. घरी आल्यावर म्हणतो, ‘जाऊ द्या, तो माणूस आपल्या विरोधातलाच होता.’

वाचले कुणी? त्या वक्त्याने नाही, आम्हीही नाही.

1932 साली नांदापूरला जन्मलेला, इंटरला नापास होत राहिलेला हा मास्तर पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादेत, व्यासपीठावरच गेला. वय पन्नासही नव्हते. मराठवाड्याच्या मातीत एवढ्या ताकदीचा विचारवंत क्वचितच निपजला. हमीद दलवाईंचा हा मित्र आमच्या पुढाऱ्यांना बोचेल असे बोलला, हे खरे. पण मनुस्मृतीची चिरफाडही त्यानेच केली. ती पाने झेंड्याखाली कुणी वाचत नाही. अर्धा कुरुंदकर त्यांनी लपवला, अख्खा आम्ही टाकला. जास्त गुन्हेगार कोण?

आमचे त्यांच्याशी भांडण आहे, आणि ते मांडलेच पाहिजे. जिना, अलीगढ, जमात यांच्यावरून त्यांनी मुसलमानाचे मन जोखले. गेवराई तालुक्यातला पिंजारी, अत्तार, बागवान, दुसऱ्याच्या रानात खुरपणारी आमची बाई त्या मापात कुठे बसते? रझाकारांनी जुलूम केले, यात आम्हाला शंका नाही. त्याची सफाई देणारा आमचा नव्हे. पण पुलिस ॲक्शननंतर काय झाले? सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान 5 हजार. तो अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. आमच्या घरांत ते साल अजून हळू आवाजात सांगतात, तेही दखनीत.

हे मराठीत कोण लिहिणार? 1990 ला सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अस्मितेवर भाषणे ठोकतो आहोत. कुरुंदकरांच्या एकेका मुद्द्याला, पुरावा देऊन, त्यांच्याच मराठीत उत्तर देणारे एक जाडजूड पुस्तक मात्र आपल्या हातून झाले नाही. शिव्या दिल्या, नाहीतर गप्प बसलो.

येत्या 17 सप्टेंबरला आम्ही मनुस्मृतीवरचे त्यांचे पुस्तक काखेत मारून जाणार आहोत. वक्त्याचा उतारा संपला, की आम्हीही एक पान वाचू म्हणतो.