ग्राफिक्सचं सोवळं

गेमिंगच्या जगात एक सोवळं पाळलं जातं. मोठा पडदा, फोर-के चित्र, सगळ्या सेटिंग 'अल्ट्रा'वर, असं खेळलं तरच ते खरं खेळणं. फोनवर, हातातल्या निन्टेंडो स्विचवर किंवा जुन्या लॅपटॉपवर खेळणारा म्हणजे टाइमपासवाला. 'स्विचवर विचर थ्री? त्यापेक्षा यूट्यूबवर बघ ना!' हा टोमणा मुरलेल्या गेमरांच्या घोळक्यात हमखास ऐकायला मिळतो. सोयीसाठी दर्जा सोडणं हा आळस आहे आणि अशा आळशी गिऱ्हाइकांमुळेच कंपन्या शिळी यंत्रं आपल्या गळ्यात मारतात, असं या ग्राफिक्सवाद्यांचं म्हणणं.

त्यांची बाजू त्यांच्याच ताकदीनं मांडायला हवी, नाहीतर खंडनात मजा नाही. 2018 सालचा 'रेड डेड रिडेम्प्शन टू' घ्या. त्यात झाडांमधून उतरणारं धुकं, बर्फात उमटणारे पाय, घोड्याच्या अंगावर वाळणारा चिखल ही नुसती सजावट नाही. तो मुलूख आणि ती माणसं खरी वाटतात ती त्या तपशिलांमुळे. शेकडो कलाकारांनी वर्षानुवर्षं खपून रंगवलेलं हे सगळं सात इंचांत कोंबून पाहणं हा कामाचा अपमान आहे, असं कुणी म्हटलं तर मी त्याला हसणार नाही. हा खेळ मोठ्या पडद्यावरच खेळावा, हेही मान्य.

पण एका खेळाचं पथ्य सगळ्या खेळांना लावलं, की गोची सुरू होते. चित्र म्हणजेच दर्जा, हे गृहीतक मुळात खेळणाऱ्यांनाच मान्य नाही. प्लेस्टेशन 5 वरचे बरेच खेळ दोन पर्याय देतात: एकात चित्र अधिक रेखीव पण हालचाल बहुधा सेकंदाला 30 फ्रेमची, दुसऱ्यात चित्र थोडं कमी पण 60 फ्रेम. सप्टेंबर 2024 मध्ये प्लेस्टेशन 5 प्रो जाहीर करताना सोनीचे मार्क सर्नी यांनीच सांगितलं, की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू दुसरा पर्याय निवडतात. हे लोक फोनवर वेळ काढणारे नव्हेत. घरात महागडा कन्सोल आणि मोठा टीव्ही असलेलं हे गिऱ्हाईक आहे, आणि तेही समोर आलेलं सुंदर चित्र बाजूला सारतं. कारण 30 फ्रेमला प्रत्येक चित्र साधारण 33 मिलिसेकंद पडद्यावर थांबतं, 60 ला जेमतेम 17. बटण दाबलं आणि पात्रानं उडी मारली, यांतलं अंतर बोटांना कळतं.

आपल्याकडचा दाखला तर रोजचा आहे. बीजीएमआय या फोनवरच्या खेळात ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जा. एका ओळीत स्मूद, बॅलन्स्ड, एचडी, एचडीआर असे चित्राचे पर्याय आणि त्याखाली फ्रेमरेटची ओळ. नवखा पोरगा एचडीआर लावतो, खूश होतो आणि पाचव्या मिनिटाला फोन तापला म्हणून ओरडतो. मुरलेला खेळाडू सगळ्यांत साधं 'स्मूद' चित्र निवडतो आणि फ्रेमरेट फोन झेपेल तितका वर, 'एक्स्ट्रीम'वर नेऊन ठेवतो. गवत-सावल्यांचा थाट गेला तर गेला, समोरचा माणूस वेळेत दिसला पाहिजे. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडूसुद्धा उत्तम संगणकावर मुद्दाम कमी रिझोल्यूशन लावून बसतात. आता त्यांनाही टाइमपासवाले म्हणायचं का?

इतिहासही सोवळेवाल्यांच्या बाजूनं साक्ष देत नाही. 1989 मध्ये निन्टेंडोचा गेम बॉय आला. त्याचा पडदा 160 बाय 144 ठिपक्यांचा, हिरवट, चार छटांचा. मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीनं लिंक्स आणला, पुढच्या वर्षी सेगानं गेम गिअर. दोन्ही रंगीत, दोन्हींचे पडदे आतून उजळलेले. कागदावर गेम बॉयची धडगत नव्हती. पण लिंक्स आणि गेम गिअर सहा-सहा सेल चार-पाच तासांत गिळायचे आणि गेम बॉय चार सेलवर त्यांच्या कितीतरी पट चालायचा. तो स्वस्त होता, खिशात मावायचा, हातातून पडला तरी टिकायचा. त्यामागचे गुनपेई योकोई यांचं धोरणच होतं, की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि ते नव्या कामाला जुंपायचं. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 86 लाखांवर खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला.

'खपतं ते चांगलं असं थोडंच आहे?' बरोबर, नाही. म्हणून विक्री सोडून देऊ आणि त्या टोमण्यातल्या विचर थ्रीकडेच वळू. 2019 मध्ये हा खेळ स्विचवर आला तेव्हा चित्राची पार छाटणी झाली होती. झाडं धूसर, माणसांचे केस चिकटवल्यासारखे. त्यात ब्लडी बॅरनचं प्रकरण आहे. दारूच्या नशेत बायकोला मारणारा हा सरदार. गर्भपात झालेलं, नीट न पुरलेलं त्याचं बाळ भूत होऊन उठलेलं असतं. खेळाडूनं एक वाट निवडली, तर बॅरनला ते वळवळतं, गुरगुरतं बाळ हातांत घेऊन रात्री वाड्याच्या उंबरठ्यापर्यंत चालावं लागतं, तिथं त्याला नाव देऊन पुरावं लागतं. आपण शेजारून चालत असतो, बाळ बिथरलं की मंत्रानं शांत करत असतो. या माणसाची कीव करायची की चीड, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं. हा पेच धूसर पडद्यावर तसूभरही हलका होत नाही. यूट्यूबवर मात्र तो उरतच नाही, कारण तिथं निवड दुसऱ्यानंच केलेली असते.

आता मंडन. सोय ही दर्जाच्या विरुद्ध पारड्यात टाकायची वस्तू नाही, ती दर्जाचाच भाग आहे. स्विचचं बटण दाबलं की खेळ आहे तिथं गोठतो. लोकलमधून उतरा, स्वयंपाक करा, पोराचा अभ्यास घ्या. दोन दिवसांनी बटण दाबलं की तलवार त्याच उंचीवर. याउलट गेमिंग पीसीसमोर अर्धा तास मिळवून बसलेल्या माणसाचं काय होतं? आधी विंडोजचं अपडेट, मग ग्राफिक्स ड्रायव्हरचं, मग खेळाचा काही गीगाबाइटचा पॅच, मग 'शेडर तयार होत आहेत'. तेवढ्यात घरातून हाक येते. चित्र अप्रतिम असतं, फक्त ते पाहायला मिळत नाही. आणि खर्चाचं म्हणाल, तर एका आरटीएक्स 4090 कार्डाची अमेरिकेतली छापील किंमतच 1,599 डॉलर होती. वर ते एकटं कार्ड 450 वॉट ओढतं. प्लेस्टेशन 5 प्रो तर जगभर आला तेव्हा भारतात विक्रीला आलाच नाही, कारण त्यातल्या वायफायला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा इथं खुला नव्हता. म्हणजे सोवळं पाळायचं ठरवलं तरी ते पाळायचं कुठे?

सोयीच्या नावानं काहीही खपवून घ्यावं, असं मात्र माझं म्हणणं नाही. गूगलच्या स्टेडियानं 2019 मध्ये दोन्हींचं आमिष दाखवलं होतं: घरी यंत्र नको, चित्र मात्र फोर-के. जानेवारी 2023 मध्ये दुकान बंद झालं आणि लोकांनी विकत घेतलेले खेळ त्यासोबत गेले. पैसे परत मिळाले हे खरं, पण खेळ हातात राहिला नाही. दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारे फोनवरचे फुकट खेळ हीही सोय नव्हे, ती सोयीची जाहिरात. माझी कसोटी साधी आहे: मला हवं तेव्हा सुरू होतो का, हवं तेव्हा थांबतो का, आणि उद्या कंपनीचा मूड बदलला तरी माझ्याजवळ राहतो का?

तेव्हा 'कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?' असं विचारणाऱ्याला आधी उलट विचारा, की आठवड्यातून सलग दोन तास किती वेळा बसायला मिळतं. मिळत असतील तर पीसी जरूर घ्या आणि 'रेड डेड'चं धुकं मनसोक्त बघा. वीस-वीस मिनिटंच हाती लागत असतील, तर हातात मावेल ते यंत्र घ्या आणि टोमणे मारणाऱ्यांना त्यांचं अपडेट डाउनलोड करू द्या.