नवऱ्यालाही विचारा

प्रति,
संचालक, राष्ट्रीय विषाणू संस्था, पुणे
अधिष्ठाता, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूर
जिल्हा आरोग्य अधिकारी, कोल्हापूर
आरोग्य अधिकारी, इचलकरंजी महानगरपालिका



झिका निघाला की दोन प्रश्न लगेच दारात येतात. घरात ताप कुणाला आहे, आणि दिवस कुणाला गेलेत? दोन्ही बरोबरच आहेत. २०२३ च्या पावसाळ्यात इचलकरंजीत झिकाचे रुग्ण सापडले आणि मुंबई-पुण्यातला वाटणारा हा आजार आमच्या गल्लीपर्यंत आला, तेव्हापासून मला एक तिसरा प्रश्न छळतो आहे. तो संकोचाचा आहे, म्हणूनच खुल्या पत्रात विचारते. तापातून उठलेल्या पुरुषाच्या वीर्यात हा विषाणू किती दिवस राहतो, आणि हे त्याला कुणी सांगायचं?

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. वडील यंत्रमागावर होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येतो आणि ऐन दिवसा, पत्र्याखाली, उघड्या अंगाने झोपतो. झिका पसरवणारा एडिस डास चावतो तो दिवसाच. घरात पाण्याची पिंपं भरलेली असतात, कारण नळाला पाणी येतं ते काही भागांत चार-चार, पाच-पाच दिवसांनी. सुळकूड पाणीयोजनेसाठी या शहराने मोर्चे काढले आणि कागलकडच्या गावांनी विरोधाचे काढले. तो वाद मिटेल तेव्हा मिटेल. तोवर कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायला येणाऱ्या आशाताईला बाई विचारते, पिंप पालथं केलं तर उद्या प्यायचं काय? उत्तर आशाताईकडे नसतं, आणि ती तिची चूक नाही. डासाला इतकं आयतं घर मिळालेल्या शहरात विषाणूची दुसरी, शरीरसंबंधाची वाट तरी आपण मोकळी सोडू नये.

ही दुसरी वाट नवी नाही. ब्रायन फॉय हा अमेरिकेतला कीटकशास्त्रज्ञ २००८ मध्ये सेनेगलमधून घरी परतला आणि आजारी पडला. काही दिवसांत त्याची बायकोही आजारी पडली. ती आफ्रिकेत गेलीच नव्हती, आणि कोलोरॅडोत हा विषाणू पसरवणारा डास नाही. २०११ साली त्याने हे प्रसिद्ध केलं तेव्हा ती एक चमत्कारिक नोंद वाटली. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्मू लागली आणि जग खडबडून जागं झालं.

मग पोर्तो रिकोत एक नेटका अभ्यास झाला. झिका झालेल्या २९५ जणांचं रक्त, लघवी, लाळ, वीर्य, योनिस्राव ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा तपासले. निम्म्या लोकांच्या रक्तद्रवातून विषाणूचा आरएनए साधारण १५ दिवसांत गेला, लघवीतून ११ दिवसांत. वीर्यातून जायला मात्र ४२ दिवस लागले. शंभरातल्या पंचाण्णव पुरुषांचा हिशेब मांडला तर मुदत १२० दिवसांवर जाते, आणि काही थोड्यांत तो त्याहूनही जास्त दिवस राहतो. लाळेत आणि योनिस्रावात तो फार थोड्यांच्या आढळला. वृषणात शरीराचा पहारा मुद्दाम सैल ठेवलेला असतो, नाहीतर शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूंवर तुटून पडेल. त्या सैल पहाऱ्याचा फायदा विषाणू घेतो.

इथे घाबरवायचं नाही. आरएनए सापडणं म्हणजे जिवंत विषाणू सापडणं नव्हे. बिऱ्हाड सोडून गेलं तरी दारावरची पाटी राहते, तसं ते आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात १८४ पुरुष होते. पेशींवर वाढवून पाहिलेल्या ७८ नमुन्यांपैकी फक्त ३ नमुन्यांत जिवंत विषाणू निघाला, आणि ते तिन्ही आजार सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आतले. अशा माहितीमुळेच निरोधाविना संबंधासाठी पुरुषांना सहा महिने थांबा म्हणणारा सल्ला पुढे तीन महिन्यांवर आला. कामगाराच्या संसारात सहा आणि तीन यांत केवढा फरक आहे, हे तुम्हाला सांगायला नको. जपून मोजलं म्हणून माणसांची तीन महिन्यांची धास्ती वाचली.

तुमच्यापैकी काहींना बेलसर आठवत असेल. पुरंदर तालुक्यातलं ते गाव. ३१ जुलै २०२१ ला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण तिथे नोंदला गेला. त्यानंतर आरोग्य यंत्रणेने तिथे निरोध वाटले, काही महिने गर्भधारणा टाळा असं सांगितलं, पुरुषांच्या वीर्याचे नमुनेही घेतले. म्हणजे हे आपल्याला जमतं. खेड्यात जमलं ते शहरात का जमू नये? २०२४ मध्ये पुण्यात रुग्णसंख्या शंभराच्या पुढे गेली आणि ३ जुलैला केंद्राने राज्यांना सूचना पाठवल्या. त्यांचा भर गरोदर स्त्रियांची तपासणी आणि गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवण्यावर होता. तो हवाच. पण सगळी यंत्रणा बाईच्या पोटाभोवती फिरते आणि तिच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला काहीच विचारत नाही, याला मी अर्धं काम म्हणेन. पाचांपैकी सुमारे चौघांना झिकाची लक्षणंच जाणवत नाहीत. त्या चौघांतला एखादा आपल्या बायकोला घेऊन सोनोग्राफीच्या रांगेत उभा असेल.

संकोचाची सबब मला पटत नाही. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षांनंतरही 'वीर्य' म्हणताना आपला आवाज खाली जात असेल तर दोष कामगाराचा नाही. नववीच्या वर्गात प्रजननाचा धडा मीही एकेकाळी 'घरी वाचा' म्हणून सोडलेला आहे. त्याची लाज वाटते, म्हणून आता स्पष्ट लिहिते आहे.

माझी मागणी अशी. पोर्तो रिकोसारखा अभ्यास कोल्हापूर जिल्ह्यात व्हावा. पुण्याची विषाणू संस्था १९५२ मध्ये सुरू झाली आणि त्याच काळात तिने भारतातल्या १९६ लोकांच्या रक्तात झिकाची प्रतिपिंडं शोधली, ३३ जणांत ती मिळाली. डेंगीच्या कुळाशी गल्लत झाली असेल हे धरूनही, हा विषाणू शोधण्याची सुरुवात आपण सत्तर वर्षांपूर्वीच केली होती. आता कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात रुग्णांची नोंद घ्या आणि पुण्यात नमुने तपासा. पहिला महिना दर आठवड्याला, पुढे लांबच्या अंतराने. आमच्याकडे डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका एकाच पावसात येतात, तेव्हा एकाच नमुन्यात तिन्ही पाहता येतील. आणि आकडा सीपीआरचा असला की इथला माणूस तो ऐकतो.

नमुना द्यायला येणाऱ्या कामगाराची पाळी बुडते. तिची मजुरी अभ्यासाच्या खर्चात धरा. चहा-बिस्किटावर कुणी तीन महिने येणार नाही. नाव, गल्ली, कारखाना बाहेर फुटू देऊ नका. हा माणूस गुलबर्गा, बिहार, ओडिशाकडचाही असेल आणि मध्येच गावी जाईल, तेव्हा समजुतीचा कागद त्याच्या भाषेत द्या. बोलायला पुरुष आरोग्यसेवक ठेवा, हे काम आशाताईच्या गळ्यात मारू नका. आणि निष्कर्ष निघाले की इंग्रजी नियतकालिकाआधी किंवा निदान त्याच दिवशी ते आम्हाला मराठीत सांगा. बेलसरकरांनाही त्यांच्या नमुन्यांचं काय निघालं ते कळलं पाहिजे.

अभ्यासाला वेळ लागेल, पैसाही लागेल. पण झिकाच्या प्रत्येक पुरुष रुग्णाच्या केसपेपरवर 'तीन महिने निरोध वापरा' असं लिहून सोबत पाकीट द्यायला कुठल्याच मंजुरीची वाट पाहावी लागू नये. तेवढं येत्या पावसाळ्याआधी सुरू करावं, आणि अभ्यासाचा प्रस्ताव आचारसमितीपुढे कधी ठेवणार ती तारीख जाहीर करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इचलकरंजी